आरतीचा एक फोटो: डिजिटल छायाचित्रणाच्या मूलभूत संज्ञा

गणेश चतुर्थीच्या संध्याकाळी घरात आरती सुरू होते. खोलीत एक ट्यूबलाइट लागलेली असते, मखराभोवती एलईडीच्या माळा असतात, तबकात निरांजन तेवत असते आणि ते तबक ओवाळणाऱ्याच्या हातात सतत फिरत असते. डोळ्यांना हे सगळे एकाच वेळी नीट दिसते. ज्योतीचा आकार दिसतो, सोंडेवरची नक्षी दिसते, कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या आजीचा चेहरा दिसतो आणि टाळ वाजवणारी मुलेही दिसतात. मग घरातले कोणीतरी फोटो काढते आणि त्या फोटोत ज्योतीच्या जागी नुसता पांढरा ठिपका येतो, ओवाळणारा हात फराट्यासारखा पुसट होतो, आजी अंधारात जाते आणि साऱ्या खोलीवर पिवळट छटा पसरते. अशा वेळी बहुतेकांचा दोष कॅमेऱ्यावर किंवा मोबाइलवर जातो.

कॅमेऱ्याची बाजू समजून घेतली, तर हा फोटो असा का आला हे कळते आणि पुढच्या आरतीला तो बराच चांगला काढता येतो. डोळा आणि मेंदू मिळून आपल्या नकळत असंख्य गोष्टी सांभाळून घेत असतात. उजेड कमी झाला की बुबुळामधली बाहुली मोठी होते, जवळचे पाहून लांबचे पाहिले की नजर आपोआप स्थिरावते, पिवळ्या दिव्याखालचा पांढरा सदरा आपल्याला पांढराच वाटतो. कॅमेरा मात्र समोर आलेला प्रकाश मोजतो आणि लिहून ठेवतो. ॲपर्चर, शटर स्पीड, आयएसओ, व्हाइट बॅलन्स हे शब्द नवशिक्याला बोजड वाटतात. परंतु डोळा जी कामे न सांगता करतो, त्यांतल्याच बहुतेक कामांची ही नावे आहेत. म्हणून या लेखात एकच प्रसंग, म्हणजे घरची आरती, समोर ठेवून या संज्ञा समजून घेऊ.

खोलीत खरोखर किती उजेड असतो

भर दुपारचे ऊन आणि रात्री दिव्यांनी उजळलेली बैठकीची खोली यांच्या उजेडात सुमारे हजार पटींचा फरक असतो. आपल्याला तो तितका जाणवत नाही, कारण उन्हातून घरात आल्यावर थोडा वेळ अंधारल्यासारखे वाटते आणि मग नजर सरावते. कॅमेऱ्याला मात्र घरात आल्यावर हजार पटींनी कमी प्रकाशातून तोच फोटो घडवावा लागतो. घरातले फोटो बिघडण्याची निम्मी कारणे या एका गोष्टीत आहेत.

छायाचित्रणात हा फरक ‘स्टॉप’ या एककात मोजतात. प्रकाश दुप्पट झाला की एक स्टॉप वाढला, निम्मा झाला की एक स्टॉप कमी झाला. दुपटीचा हिशेब दहा वेळा केला की १०२४ येतात, म्हणजे ऊन आणि खोली यांच्यात साधारण १० स्टॉपचे अंतर आहे. हे १० स्टॉप कुठून तरी भरून काढायचे असतात. ते भरून काढण्याचे मार्ग तीन आहेत आणि प्रत्येक मार्गाची काही किंमत मोजावी लागते. छायाचित्रणाचे तांत्रिक ज्ञान म्हणजे मुख्यतः कोणत्या फोटोसाठी कोणती किंमत परवडते याची समज होय.

पहिला मार्ग ॲपर्चरचा. लेन्सच्या आत पातळ पात्यांनी बनलेले एक गोल छिद्र असते, ते लहान-मोठे करता येते आणि त्यालाच ॲपर्चर म्हणतात. त्याचे काम डोळ्याच्या बाहुलीचेच आहे. नवशिक्याचा गोंधळ त्याच्या आकड्यांमुळे होतो, कारण एफ/२ चे छिद्र मोठे असते आणि एफ/१६ चे लहान. या लेखनपद्धतीतील तिरकी रेघ भागाकाराची आहे हे लक्षात घेतले की गोंधळ संपतो. ‘एफ’ म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ, अर्थात लेन्सच्या नावात मिमीमध्ये येणारा आकडा. ५० मिमीच्या लेन्सवर एफ/२ म्हणजे ५० भागिले २, अर्थात २५ मिमी व्यासाचे छिद्र. आणि एफ/८ म्हणजे ५० भागिले ८, अर्थात सव्वासहा मिमीचे. पाव भाकरी अर्ध्या भाकरीपेक्षा लहान असते, तसेच हे आहे. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ही आकड्यांची मालिका विचित्र वाटते, पण तिच्यातही हिशेब आहे. वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलते, त्यामुळे आकडा सुमारे १.४ पट झाला की छिद्राचे क्षेत्रफळ निम्मे होते, म्हणजे प्रकाश एक स्टॉप घटतो.

कॅमेऱ्यासोबत बहुधा मिळणाऱ्या १८-५५ मिमी लेन्सच्या कडेवर ३.५-५.६ असे छापलेले असते. याचा अर्थ १८ मिमीवर छिद्र एफ/३.५ पर्यंत उघडते आणि झूम करून ५५ मिमीवर गेलात की ते एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. म्हणजे जागेवर बसून झूम केल्यास लेन्समधून येणारा उजेड अडीच पटींनी कमी होतो. घरात फोटो काढताना झूम न करता दोन पावले पुढे जावे, असे जाणकार सांगतात त्यामागे हा हिशेब आहे.

दुसरा मार्ग शटर स्पीडचा, म्हणजे प्रकाश किती वेळ आत येऊ द्यायचा याचा. १/१२५ म्हणजे एका सेकंदाचा १२५ वा भाग, १/१५ म्हणजे पंधरावा भाग. वेळ दुप्पट केली की प्रकाश दुप्पट मिळतो, पण तेवढ्या वेळात समोर जे जे हलले ते सगळे फोटोत पसरते. ओवाळणारा हात सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने फिरतो असे धरू. १/१५ सेकंदात तो तीन सेंटीमीटरहून जास्त सरकतो आणि फोटोत बोटे ओळखू येत नाहीत. १/१२५ सेकंदात तो चार मिलिमीटर सरकतो आणि हात हातासारखा दिसतो.

येथे दोन वेगवेगळ्या हालचालींची गल्लत होते आणि ती टाळली पाहिजे. एक हालचाल समोरच्या व्यक्तीची आणि दुसरी आपल्या हाताची. आपला हात थरथरल्याने येणारी अस्पष्टता टाळण्यासाठी एक जुना आडाखा आहे: फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (म्हणजे ज्याचा प्रकाश टिपणारा सेन्सर जुन्या रोलच्या चौकटीएवढा असतो अशा कॅमेऱ्यावर) ५० मिमीची लेन्स असेल तर शटर १/५० पेक्षा हळू ठेवू नये आणि २०० मिमीची असेल तर १/२०० पेक्षा हळू ठेवू नये. हल्लीच्या लेन्समध्ये, कॅमेऱ्यांत आणि अनेक मोबाइलमध्ये हाताची थरथर सावरणारी स्टॅबिलायझेशनची सोय असते आणि तिच्यामुळे या आडाख्यापेक्षा बरेच हळू शटर चालते. परंतु ती सोय केवळ आपल्या हाताची थरथर सावरते. समोरचे तबक फिरायचे थांबत नाही. म्हणूनच अशा फोटोत मूर्ती लख्ख येते आणि ओवाळणारा हात पुसट येतो.

तिसरा मार्ग आयएसओचा आणि याविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहेत. ज्यांनी रोलचा कॅमेरा वापरला आहे त्यांना १०० चा रोल, ४०० चा रोल हे शब्द आठवत असतील. फिल्मच्या संवेदनशीलतेसाठी अमेरिकेत एएसए आणि जर्मनीत डीआयएन अशा दोन मोजपट्ट्या होत्या. १९७४ मध्ये त्या एकत्र करून आयएसओची मोजपट्टी ठरवण्यात आली. तेव्हा एकदा ४०० चा रोल घातला की ३६ फोटो संपेपर्यंत तोच चालवावा लागे. आता प्रत्येक फोटोला आयएसओ बदलता येतो आणि ही डिजिटल कॅमेऱ्याने दिलेली फार मोठी सोय आहे.

आयएसओ वाढवला की फोटो उजळतो आणि त्यात रवा पसरल्यासारखे ठिपके दिसू लागतात. या ठिपक्यांना नॉइज म्हणतात. पुष्कळ जण आयएसओलाच त्यासाठी जबाबदार धरतात, पण नॉइजचे मूळ कमी उजेडात आहे. वळवाच्या पावसाचे पहिले थेंब अंगणातल्या फरशांवर पडतात तेव्हाचे दृश्य आठवावे. एका फरशीवर सात थेंब पडलेले असतात, शेजारच्या फरशीवर तीन, तिच्या पलीकडे पाच. पाऊस सगळीकडे सारखाच आहे, पण थेंब थोडे असल्यामुळे फरशाफरशांत फरक दिसतो. तोच पाऊस तासभर पडला की सगळ्या फरशा सारख्याच भिजतात. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर असे लाखो बारीक चौकोन असतात आणि प्रकाशही त्यांच्यावर कणाकणांनी, म्हणजे फोटॉनच्या रूपाने पडतो. उजेड कमी असला की शेजारच्या दोन चौकोनांत कमी-जास्त कण पडतात. आयएसओ वाढवणे म्हणजे मिळालेल्या संकेताला मोठे करणे, त्यामुळे उजेडाबरोबर तो कमी-जास्तपणाही मोठा होऊन दिसतो. म्हणून जिथे गरज आहे तिथे आयएसओ वाढवायला बिचकू नये. थोडा रवाळ पण स्पष्ट फोटो ठेवण्यासारखा असतो. हात आणि चेहरे पुसट झालेला फोटो कितीही गुळगुळीत असला तरी कामाचा नसतो.

आता तिन्ही गोष्टी एकत्र मांडू. साधारण उजेडाच्या खोलीत आयएसओ १०० आणि एफ/५.६ ठेवले, तर शटर सुमारे एक सेकंद उघडे ठेवावे लागते. एक सेकंद कोणीही स्थिर बसत नाही. आयएसओ १६०० केला की चार स्टॉप मिळतात आणि शटर १/१५ वर येते. हातातला कॅमेरा आता सांभाळता येतो, पण तबक अजून पुसट आहे. लेन्स एफ/२ पर्यंत उघडणारी असेल तर आणखी तीन स्टॉप मिळतात: १/१५ चे १/३०, १/६० आणि मग १/१२५. येथे हात स्पष्ट येतो. लेन्स तेवढी उघडत नसेल तर आयएसओ ३२०० किंवा ६४०० पर्यंत न्यावा, खोलीतला आणखी एक दिवा लावावा किंवा तबक क्षणभर थांबते तो क्षण गाठावा. आरती ओवाळताना हात वर जाऊन खाली वळतो तेव्हा त्याचा वेग क्षणभर कमी होतो, आणि तो क्षण पकडण्याची सवय थोड्या निरीक्षणाने जमते.

कॅमेऱ्याला पांढरे आणि काळे कळत नाही

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण येथे एकच बटण फोटो वाचवते आणि ते बटण मोबाइलपासून मोठ्या कॅमेऱ्यापर्यंत सगळीकडे असते.

ऑटोमॅटिक पद्धतीत कॅमेरा किती प्रकाश घ्यायचा ते स्वतः ठरवतो. त्यासाठी तो समोरच्या दृश्याचा उजेड मोजतो आणि सरासरीने ते दृश्य मध्यम करड्या रंगाइतके उजळ असेल, असे धरून चालतो. अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के प्रकाश परत फेकणारा करडा रंग यासाठी परंपरेने प्रमाण मानला जातो. गवत, मातीचा रस्ता, गर्दी, घरे अशा संमिश्र दृश्यांत हा अंदाज बरोबर येतो. पंढरीच्या वाटेवर पांढरे सदरे आणि पांढऱ्या टोप्या घातलेल्या वारकऱ्यांची दिंडी चौकटभर आली, की कॅमेऱ्याला वाटते उजेड फार आहे; मग तो प्रकाश कमी करतो आणि पांढरे कपडे मळकट दिसतात. हेमाडपंती देवळाच्या काळ्या पाषाणातले शिल्प चौकटभर घेतले, की कॅमेऱ्याला वाटते उजेड कमी आहे. तो प्रकाश वाढवतो आणि काळा दगड राखाडी होतो. आधुनिक कॅमेरे चेहरे आणि दृश्ये ओळखून ही चूक पुष्कळ कमी करतात, पण ती पूर्ण जात नाही.

यावरचा उपाय म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. कॅमेऱ्यावर अधिक-उणे असे चिन्ह असलेले बटण किंवा चकती असते. पांढऱ्या दिंडीसाठी अधिक १ करावे, काळ्या पाषाणासाठी उणे १ करावे. सहज होणारा विचार याच्या नेमका उलट असतो. उजळ वस्तूसाठी प्रकाश वाढवायचा आणि गडद वस्तूसाठी कमी करायचा, हे दोन-तीनदा स्वतः करून पाहिल्याशिवाय पटत नाही. मोबाइलवर पडद्याला बोट लावले की बहुतेक वेळा सूर्याचे छोटे चिन्ह दिसते. तेथून बोट वर किंवा खाली सरकवले की हेच काम होते.

आरतीच्या फोटोतील ज्योत पांढरा ठिपका का झाली, याचे उत्तर येथेच आहे. चौकटीत ज्योत बोटाच्या पेराएवढी होती आणि बाकी बराच भाग अंधुक होता. कॅमेऱ्याने त्या अंधुक भागाचा विचार करून प्रकाश वाढवला आणि ज्योतीच्या जागचे चौकोन काठोकाठ भरले. सेन्सरचा चौकोन एकदा भरला की त्यात किती प्रकाश ओतू गेला याची नोंद राहत नाही. म्हणून पूर्ण पांढरा झालेला भाग नंतर कोणत्याही ॲपमध्ये परत आणता येत नाही. सावलीतला भाग मात्र थोड्या नॉइजच्या बदल्यात बराच उजळता येतो. दिव्यांच्या फोटोत उणे १, प्रसंगी उणे २ करून ज्योतीचा पिवळा-केशरी आकार राखावा आणि आजीचा चेहरा नंतर उजळावा, हा क्रम म्हणूनच योग्य ठरतो.

फोटो बरोबर आला की नाही हे छोट्या पडद्यावर पाहून ठरवणे कठीण असते, कारण अंधाऱ्या खोलीत पडदा उजळ दिसतो आणि उन्हात तो काळवंडलेला दिसतो. यासाठी कॅमेऱ्यात हिस्टोग्राम नावाचा आलेख असतो. त्याच्या डाव्या टोकाला काळे, उजव्या टोकाला पांढरे आणि मधे सगळ्या छटा असतात. आलेखाचा डोंगर उजव्या कडेला चिकटून कापल्यासारखा दिसला, तर चौकटीतला काही भाग पूर्ण पांढरा झाला आहे असे समजावे. आलेखाचा कोणताही एक आकार आदर्श नसतो. दीपोत्सवाच्या फोटोचा डोंगर डावीकडेच असायला हवा.

किती भाग स्पष्ट हवा

ॲपर्चर मोठे केल्यावर प्रकाश मिळतो, त्याची किंमत येथे मोजावी लागते. लेन्स एका ठरावीक अंतरावरची वस्तू पूर्ण स्पष्ट दाखवते आणि तिच्या थोडे पुढचे व थोडे मागचे अंतर डोळ्याला स्पष्ट वाटते. या पट्ट्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान आकाराच्या सेन्सरवर ५० मिमी लेन्स लावून, एक मीटरवरच्या मूर्तीचा फोटो एफ/१.८ ने काढला तर हा पट्टा सुमारे ३ सेंटीमीटरचा असतो. मूर्ती फूटभर उंचीची असेल तर तिचे डोळे स्पष्ट येतील आणि पुढे आलेली सोंड मऊ होईल. तेथूनच एफ/८ ने काढला तर पट्टा सुमारे १३ सेंटीमीटरचा होतो आणि सोंडेपासून मुकुटापर्यंत सगळे स्पष्ट येते. मूर्ती हलत नाही, त्यामुळे फक्त तिचा फोटो काढताना कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा स्टुलावर ठेवून एफ/८, आयएसओ १०० आणि दोन सेकंदांचे शटर अशी ऐसपैस निवड करता येते. आरती सुरू झाली की ही चैन उरत नाही.

घरातल्या सगळ्यांचा दोन रांगांत फोटो काढायचा असेल तेव्हा एफ/५.६ किंवा एफ/८ ठेवावे, नाहीतर पुढची रांग स्पष्ट येते आणि मागचे काका-मावशी धूसर होतात. ही चूक माझ्याकडून एका मुंजीत झाली आहे आणि तो फोटो पुन्हा काढता आला नाही.

मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचे ॲपर्चर बहुधा बदलत नाही आणि सेन्सर लहान असल्यामुळे त्याचा स्पष्ट पट्टाही बराच मोठा असतो. पोर्ट्रेट मोडमध्ये मागचा भाग धूसर दिसतो तो हिशेबाने, म्हणजे माणूस कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते याचा अंदाज बांधून धूसर केलेला असतो. भुरभुरणारे केस, उदबत्तीचा धूर, गजऱ्याची कडा येथे तो अंदाज चुकतो. अशा ठिकाणी साधा मोड वापरावा.

फोकस कुठे करायचा हे कॅमेऱ्यावर सोडू नये. माणूस असेल तर डोळ्यांवर, मूर्ती असेल तरी डोळ्यांवरच. कॅमेऱ्यात फोकसच्या दोन मुख्य पद्धती असतात: बटण अर्धे दाबले की एकदाच फोकस धरून ठेवणारी आणि वस्तू हलेल तसा सतत पाठलाग करणारी. मूर्तीसाठी पहिली आणि अंगणात धावणाऱ्या मुलासाठी दुसरी.

चेहऱ्यांच्या बाबतीत लेन्सच्या निवडीइतकेच अंतर महत्त्वाचे आहे. मोबाइल चेहऱ्यापासून ३० सेंटीमीटरवर धरला तर नाक ३० सेंटीमीटरवर आणि कान साधारण ४२ सेंटीमीटरवर असतात. कानाच्या तुलनेत नाक १.४ पट मोठे उमटते. दीड मीटर मागे गेले की हेच प्रमाण १.०८ होते आणि चेहरा ओळखीचा दिसतो. नात्यातल्या बायका ‘माझा फोटो चांगला येत नाही’ म्हणतात, तेव्हा पुष्कळदा फोटो काढणारा फार जवळ उभा असतो. दोन पावले मागे जाऊन थोडे झूम करावे. मोबाइलवर झूमसाठी वेगळी लेन्स असेल तर तीच वापरावी, कारण बोटांनी पडदा ताणून केलेले झूम बहुधा मधला भाग कापून मोठा केल्यासारखेच असते. घरात झूम करू नका असे वर सांगितले ते उजेडासाठी होते. चेहऱ्यासाठी उजेड पुरेसा असेल तर झूमच बरे.

रंग आणि दिवे

निरांजनाच्या ज्योतीचा रंग लालसर पिवळा असतो, पिवळ्या बल्बचा त्याहून कमी पिवळा, दुपारच्या उन्हाचा पांढरा आणि सावलीतल्या उजेडाचा निळसर. हे केल्विनमध्ये मोजतात: ज्योत सुमारे १९००, पिवळा बल्ब २७०० ते ३०००, दुपारचे ऊन ५५००, सावली ७००० च्या आसपास. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल, मग पिवळे आणि मग पांढरे होते, म्हणून तापमानाचा आकडा वाढेल तसा रंग निळ्याकडे झुकतो. मेंदू या फरकाची भरपाई स्वतः करतो. कॅमेऱ्यातली हीच भरपाई म्हणजे व्हाइट बॅलन्स. गंमत अशी की कॅमेऱ्यात मोठा आकडा निवडला की फोटो पिवळा होतो. कारण आपण कॅमेऱ्याला ‘उजेड निळा आहे’ असे सांगतो आणि तो भरपाई म्हणून पिवळेपणा मिसळतो.

आरतीच्या फोटोत ट्यूबलाइट, एलईडी आणि ज्योत असे तीन रंगांचे उजेड एकत्र असतात, त्यामुळे एकच आकडा सगळ्यांना न्याय देत नाही. माझे मत असे की ज्योतीचा पिवळेपणा पूर्ण घालवू नये. तो घालवला की फोटो कचेरीतल्यासारखा कोरा दिसतो. शक्य असेल तर ट्यूबलाइट बंद करून ज्योतीच्या छटेचे पिवळे दिवे लावावेत. यजमानांची हरकत नसेल तर हा सर्वांत सोपा उपाय आहे. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मात्र आरतीत बंदच ठेवावा. त्याचा प्रकाश ज्योतीच्या प्रकाशाला पुसून टाकतो आणि अंतर दुप्पट झाले की त्याचा जोर चौथ्या हिश्श्यावर येतो, त्यामुळे पुढची व्यक्ती पांढरीफटक पडते आणि मागे काळोख राहतो.

माळांच्या दिव्यांमुळे फोटोत कधी आडवे पट्टे उमटतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात आणि सेन्सर एकेक ओळ वाचत असल्याने काही ओळी उजळ, काही गडद येतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवले की हे पट्टे बहुधा जातात.

फाइलविषयी थोडक्यात. जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. सेन्सरने टिपलेली माहिती जवळजवळ जशीच्या तशी ठेवणाऱ्या १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४ असतात. आजीचा अंधारलेला चेहरा उजळायचा असेल तर रॉ फाइल फार उपयोगी पडते, पण ती मोठी असते आणि तिच्यावर संगणकात किंवा ॲपमध्ये काम करावे लागते. शिकताना दोन्ही फाइली एकदम साठवण्याची सोय वापरावी. मेगापिक्सेलच्या, म्हणजे सेन्सरवर किती दशलक्ष चौकोन (पिक्सेल) आहेत त्या आकड्याला मात्र फार महत्त्व देऊ नये. स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये कोडॅक कंपनीत बनवलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यात केवळ १०,००० पिक्सेल होते आणि एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. आज ८ बाय १२ इंचांची उत्तम छपाई करायला ९ मेगापिक्सेल पुरतात आणि तेवढे साध्या मोबाइलमध्येही असतात. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होऊन जातो, म्हणून छपाईसाठी तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

आरतीपूर्वीची दहा मिनिटे

डोळा आणखी एक काम करतो, ते म्हणजे नको ते गाळणे. मूर्तीकडे पाहताना मागचा प्लगपॉइंट, लोंबणारी वायर, भिंतीवरचे कॅलेंडर आपल्याला दिसत नाही. फोटोत ते सगळे येते. म्हणून आरती सुरू होण्याआधी चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवावी आणि वायर हलवता आली तर हलवावी. चौकटीचे उभे-आडवे तीन भाग पाडून मुख्य वस्तू त्या रेषांवर ठेवावी, असा एक नियम सांगतात. तो सुरुवातीला जरूर वापरावा, कारण त्यामुळे सगळे मधोमध ठेवण्याची सवय सुटते. परंतु मखरासारखी दोन्ही बाजूंनी सारखी रचना मधोमधच शोभते. मुलांचे फोटो त्यांच्या उंचीवर गुडघे टेकून काढावेत.

उभे राहायची जागा ओवाळणाऱ्याच्या पाठीमागे घेऊ नये. मखराच्या बाजूला, भिंतीलगत, सगळ्यांचे चेहरे दिसतील असे उभे राहावे. तेथून ज्योतीचा उजेड चेहऱ्यांवर पडलेला दिसतो. कॅमेरा ॲपर्चर प्रायॉरिटीवर, म्हणजे ‘ए’ किंवा ‘एव्ही’ असे लिहिलेल्या खुणेवर ठेवावा (येथे छिद्र आपण ठरवतो आणि शटर कॅमेरा ठरवतो), लेन्स जितकी उघडेल तितकी उघडावी, आयएसओ ऑटो करून त्याची वरची मर्यादा ६४०० आणि शटरची खालची मर्यादा १/१२५ ठरवून द्यावी, एक्स्पोजर उणे १ करावे. यानंतर आरती संपेपर्यंत चकत्यांकडे बघावे लागू नये. मोबाइल असेल तर नाइट मोड बंद करावा, कारण तो अनेक फोटो एकत्र करतो आणि फिरते हात त्यात विरघळतात.

आरतीच्या शेवटी सगळे जागच्या जागी गोल फिरतात तेव्हा १/१२५ पुरत नाही. त्या वेळी १/२५० करावे, किंवा उलट १/१५ करून कॅमेरा भिंतीला टेकवावा आणि फिरणाऱ्या लुगड्यांच्या, सदऱ्यांच्या रंगांचे भोवरे मखरासमोर उमटू द्यावेत; मूर्ती मधे स्थिर राहते. मग मंत्रपुष्पांजली सुरू होते आणि सगळे ओंजळीत फुले, अक्षता घेऊन निश्चल उभे राहतात. आता शटर १/६० पर्यंत खाली आणता येते, आयएसओ निम्म्यावर येतो, छटा स्वच्छ होतात. फोकस आजीच्या ओंजळीवर करावा.